लेखन जिष्णू, तपासणी शिम्ना

चालियमहून नदीपल्याड बेपूरला जाणारी जंकार, गाड्या-माणसं नेणारी सपाट बोट, त्या दुपारी निम्मी रिकामी होती. दोन रिक्षा, एक मासळीचा टेम्पो आणि कठड्याला टेकलेली सात-आठ माणसं. ऊन होतं आणि उन्हातच बारीक पाऊसही होता. चालियार नदी जिथं समुद्राच्या गळ्यात पडते, तिथं पाण्याचे दोन रंग दिसतात. शिम्ना रोजच्या सवयीनं ते बघत उभी होती.

शेजारी एक उंच मुलगा मोबाइल डोळ्यांसमोर धरून फोटो काढत होता. मग अंगठ्यानं भराभरा काहीतरी लिहू लागला. शिम्नानं नको नको म्हणत शेवटी बघितलंच.

‘बेपूरच्या किनाऱ्यावर जाळी विणणारे कोळी.’

“ते बेपूर नाहीये,” ती म्हणाली.

“काय?”

“तुम्ही फोटो मागं वळून काढलात. ते चालियम आहे. माझं गाव. आणि जाळी विणत नाहीयेत, फाटलेली शिवतायत.”

त्यानं एकदा मागं बघितलं, एकदा तिच्याकडे. पावसाचा एक थेंब त्याच्या भुवईवरून घरंगळत पापणीवर येऊन थांबला होता.

“एका ओळीत दोन चुका...” तो म्हणाला. “तुम्ही शाळेत मास्तरीण आहात का?”

“नाही. पण गावाचं नाव चोरलं की बोलावं लागतं.”

“चोरलं नाही हो. उसनं घेतलं.” त्यानं सगळं पुसलं, पुन्हा लिहिलं आणि मोबाइल तिच्यापुढं धरला. “घ्या. तपासा. मगच टाकतो.”

तिनं तपासलं. मान हलवली. जंकार धक्क्याला लागली तेव्हा दोघं एकाच बसमध्ये चढले, एकाच थांब्यावर उतरले. शहरातल्या मानांचिरा तळ्याजवळच्या त्याच जुन्या इमारतीचा तोच जिना चढू लागले, तेव्हा मात्र शिम्ना मधेच थांबली.

“तुम्ही माझ्या मागं येताय?”

“मी पुढं आहे,” दोन पायऱ्या वरून तो म्हणाला. “मागं तुम्ही येताय. आता हेही तपासा.”

*

पुस्तकाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत रुक्मिणी टीचर वेबवरची पत्रकारिता शिकवायच्या. नऊ महिन्यांचा वर्ग, बारा मुलं, आणि एक छोटं बातमीपत्र, जे कागदावर कधीच छापलं जायचं नाही. टीचर वर्तमानपत्रात तीस वर्षं काढून आलेल्या. आवाज जात्यासारखा घरघरता, आणि दळण बारीक.

“कागदावरची शाई वाळते,” पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. “वाळली की चूक गळ्यात पडते, जन्मभर. इथली शाई कधी वाळतच नाही. आज चढवलेलं पान उद्या बदलता येतं आणि कुणाला कळतही नाही. म्हणून इथं लाज जास्त लागते. बदललं तर पानाच्या खाली लिहायचं, काय चुकलं, कुणाचं चुकलं. आणि बदलण्याआधी जुन्या पानाची प्रत जपून ठेवायची.”

दुसरा नियम जोडीचा. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासायचं. बातमीत ज्याच्याकडे बोट दाखवलंय, त्याला तपासणाऱ्यानं स्वतः फोन करायचा. लिहिणाऱ्यानं केला असला तरी. मगच खाली दोन नावं लागायची.

जिष्णूनं वर्गभर नजर फिरवली आणि म्हणाला, “टीचर, माझी तपासणी जंकारवरच सुरू झालीय.”

पोरं हसली. शिम्नाचे कान तापले. टीचरनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि जोडी लिहून टाकली.

मग दिवस कसे गेले, ते नदीलाच विचारावं. सकाळी ती जंकारवरून यायची आणि बेपूरच्या धक्क्यावर तो उभा असायचा. राहायचा शहरात, तरी उलट्या दिशेनं बस पकडून धक्क्यावर यायचा. ‘नदीवरची बातमी शोधतोय’ म्हणायचा. फोटो कुठला, कधीचा, हे कसं शोधायचं ते दोघं मिळून शिकले. सावली कुठं पडलीय बघ, दुकानाची पाटी वाच, झाडाला काय लागलंय ते बघ. यात शिम्नाचा डोळा तिखट होता. “या फोटोत फणस पिकलेत. हा डिसेंबरचा असूच शकत नाही,” असं ती म्हणायची, आणि जिष्णू छातीवर हात ठेवून मागं रेलायचा. “देवा, हिच्याशी खोटं बोलायची पाळी आणू नकोस.”

त्यांची पहिली बातमी चढली तेव्हा दोघं समुद्रकिनाऱ्यावर होते. मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या आवळ्या-कैऱ्यांच्या बरण्या लावलेली गाडी होती. शिम्नानं बिंबलं घेतलं होतं. आंबटानं तिचा एक डोळा मिटलेला, आणि उघड्या डोळ्यानं ती मोबाइलवर नाव वाचत होती.

लेखन : जिष्णू | तपासणी : शिम्ना

“बघितलंस?” तो म्हणाला. “एका ओळीत आलो. मधे तेवढी एक उभी रेघ आहे.”

“ती रेघ टीचरांची आहे. ओलांडायची नाही.”

“ओलांडत नाही. पण कधीतरी पुसेन... आणि तिथं ‘आणि’ लिहीन.”

“आधी कोळी आणि जाळी नीट लिहायला शीक.”

“शिकवशील?”

तिनं बिंबल्याचा दुसरा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो तोंडात टाकला आणि त्याचाही एक डोळा मिटला... दोघं एकेका डोळ्यानं एकमेकांकडे बघत हसत राहिले. लाटा आल्या, गेल्या. कुणी मोजल्या नाहीत.

घरी अम्मा काथ्या कुटत गुणगुणायची. त्या किनाऱ्यावरच्या बाया म्हणतात ते जुनं गाणं:

*नदी निघाली सागरा, गोडी सांडत वाटेत,*
*आता मागं कशी फिरू, मीठ शिरलं ओठांत...*

इतकी वर्षं शिम्नाला ते नुसतं कामाचं गाणं वाटायचं. त्या दिवसांत ते तिला ऐकू येऊ लागलं.

*

नोव्हेंबरात जिष्णूला कोचीहून बोलावणं आलं. एका मोठ्या बातम्यांच्या संकेतस्थळाला माणूस हवा होता. ‘तुमचं लिखाण नेटकं आहे,’ तिथला संपादक म्हणाला, ‘पण आवाज होईल असं एखादं काम दाखवा.’

जिष्णूचे वडील बसचालक होते. पाठ गेल्यामुळे दोन वर्षं घरी पडून होते. धाकट्या बहिणीचं शिक्षण मावशीच्या घरी चाललेलं. हे सगळं तो हसत हसत सांगायचा, आणि हसणं जिथं संपायचं ती जागा शिम्नाला ओळखू यायला लागली होती.

एका दुपारी तो जिना दोन-दोन पायऱ्या चढत आला.

“मिळालं!”

वीस सेकंदांचं चित्रण होतं. नदीच्या वरच्या अंगाला एका गावातली सरकारी शाळा. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून एक बाई पाठमोरी बाहेर पडते. डोक्यावर तांदळाचं पोतं. फाटकातून निघून जाते. बस, एवढंच.

“मुलांच्या दुपारच्या जेवणाचा तांदूळ,” जिष्णू धापा टाकत म्हणाला. “मागच्या दारानं. पालकांच्या गटातल्या एकानं पाठवलं. पाचच्या आत चढवलं नाही तर दुसरं कुणीतरी टाकेल. शिम्ना, वाच ना गं पटकन.”

तिनं वाचलं. बाईचं नाव नव्हतं, शाळेचं होतं. शाळेला स्वयंपाकीण एकच असते, हे तिच्या मनात आलं. मग तिनं चित्रण पुन्हा लावलं. फाटकापाशी थांबवलं.

“हा बहावा...”

फाटकावर बहाव्याचे पिवळे घोस लोंबत होते. सोन्याची झुंबरं जशी.

“नोव्हेंबरात बहावा?” ती म्हणाली.

“हल्ली कधीही फुलतो गं. आमच्या गल्लीतला तर ओणमला फुलला होता.” ते खरंच होतं. ऋतूंना हल्ली झाडांची ओळख राहिली नव्हती. जिष्णू तिच्या खुर्चीमागं वाकला आणि पडद्यावरच्या त्या पिवळ्या फुलांकडे बघता बघता त्याचा आवाज एकदम खाली आला. “शिम्ना... कोचीचं जमलं ना, तर येत्या विषूला नव्या वर्षाचं पहिलं दर्शन, आपली कणी, तू आमच्याकडं घ्यायची. पहाटे मी तुझे डोळे झाकून घेऊन जाईन. समोर दिवा, आरसा... आणि हाच बहावा. मी माझ्या अम्माला सांगितलंय.”

“काय सांगितलंयस?”

“की एक मुलगी आहे, एका ओळीत दोन चुका काढते.”

तिला पुढचं काही दिसेना. पडद्यावर फूल होतं आणि मनात पहाट होती. बोटं कळफलकावर गेली, थांबली.

“त्या बाईला फोन केलास?”

“केला. उचलला नाही.”

नियम तिला पाठ होता. क्रमांक समोरच होता, जिष्णूनंच कागदावर लिहिलेला. दहा आकडे दाबायचे, एवढंच काम होतं. तिनं वर बघितलं. तो तिच्याकडे असा बघत होता, जशी तीच कोची होती, तीच विषू होती.

तिनं आपलं नाव लिहिलं.

*

बातमी वाऱ्यासारखी पसरली. ‘लेकरांच्या ताटातला तांदूळ’ ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पोचला. तिसऱ्या दिवशी शाळेनं स्वयंपाकिणीला येऊ नको म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी कोचीचं पत्र आलं. जिष्णूनं सगळ्या वर्गाला भरलेले शिंपले खाऊ घातले, आणि सगळ्यांदेखत पहिला घास शिम्नाला दिला.

पाचव्या दिवशी जंकारवर शिम्ना बातमीखालची मतं वाचत होती. शिव्या, शाप, हसू. त्यांच्या मधे एक ओळ होती, कुणा आईनं लिहिलेली.

‘हे आत्ताचं नाही. महामारीत शाळा बंद होत्या तेव्हाचं आहे. मुलांच्या वाट्याचा तांदूळ शाळेची स्वयंपाकीण कार्त्यायनी चेची, आमची ताईच ती, डोक्यावर घेऊन घरोघरी देत होती. आमच्या दारात ती आली तेव्हा आम्ही उपाशी होतो. तुम्हाला देव बघून घेईल.’

नदी तीच होती, पण पाण्याचे दोन रंग शिम्नाला दिसेनात.

वर्गात जाऊन तिनं तेच केलं जे पाच दिवसांपूर्वी करायला हवं होतं. त्या शाळेच्या पालकांचं जुनं पान शोधलं. महिन्यामागून महिने मागं मागं गेली. एप्रिल. विषूनंतरचा आठवडा. तेच चित्रण होतं, पण पूर्ण, दीड मिनिटाचं. फाटकाबाहेर पोतं उतरवून बाई वळते, तोंडावर कापड बांधलेलं, आणि एका पोराच्या पिशवीत तांदूळ ओतते. वर बहावा गच्च फुललेला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘आमची अन्नपूर्णा.’

मग तिनं तो क्रमांक लावला. दुसऱ्याच घंटीला उचलला गेला.

“कोण?”

“मी... शिम्ना. वेबवरच्या बातमीपत्रातून...”

पलीकडे कुठंतरी कोंबडीचं कॉक-कॉक ऐकू आलं. मग आवाज आला, थकलेला, पण सवयीनं मऊ.

“जेवलीस का, मोळे?” लेकीला विचारावं तसं.

आयुष्यभर पोरांना वाढत आलेल्या बाईच्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही. शिम्नानं विचारलं, “चेची, तुम्हाला... त्या आठवड्यात आमच्याकडून कुणाचा फोन आला होता?”

“नाही गं. मोबाइल तर कमरेलाच असतो. आला असता तर सांगितलं नसतं का?”

*

जिष्णू मानांचिराच्या काठावर बसला होता. शिम्नानं मोबाइल त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं दीड मिनिट पूर्ण बघितलं.

“तू फोन केला नव्हतास.”

“...नव्हता.”

“का?”

“केला असता तर बातमीच उरली नसती. मला आतून ठाऊक होतं, शिम्ना. बहावा मलाही दिसला होता.”

असं खरं तो पहिल्यांदाच बोलला होता, आणि ते इतकं कडू होतं की तिला त्याचा रागही धड येईना.

“मग विषूचं जे बोललास... ते माझं लक्ष उडवायला?”

“नाही!” तो झटक्यानं वळला. “ते खरं होतं. शप्पथ. चुकीच्या वेळी तोंडातून निघालं, पण खरं होतं.”

“आता मी कसं तपासू ते?”

त्यानं तिचा हात धरला. “ऐक. पान आपल्याच हातात आहे. चित्रण काढून टाकू, चार ओळी मवाळ करू. मथळा बदलू. इथली शाई वाळत नाही, टीचरच म्हणतात ना? हळूहळू लोक विसरतील. आणि दुरुस्ती चढवलीस तर कोची संपलं. दुरुस्तीवाल्याला कोण ठेवतं? पुढं मी काय करू? आपण काय करू?”

“कार्त्यायनी चेचीनं काय करायचं?”

“तिच्यासाठी मी शाळेत जाऊन बोलेन ना. गुपचूप.”

“बदनामी चव्हाट्यावर आणि माफी गुपचूप?”

त्यानं हात सोडला. “तू माझ्या बाजूची आहेस की नाही?”

एक दिवस दे, असं तो म्हणाला. एक दिवस विचार कर. तिनं दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंकारवर तिनं पान उघडलं. चित्रण नव्हतं. ‘मागच्या दारानं’ हे शब्द नव्हते. मथळा बदलून ‘शाळेतल्या तांदळाबाबत प्रश्न’ असा झाला होता. खाली एक अक्षर खुलासा नाही. जसं काही घडलंच नाही. त्या सगळ्या धुतलेल्या ओळींच्या तळाशी मात्र एक ओळ तशीच होती.

लेखन : जिष्णू | तपासणी : शिम्ना

धुतलेल्या पानालाही साक्ष तिचीच.

बेपूरच्या धक्क्यावर त्या दिवशी कुणी उभं नव्हतं.

*

जुन्या पानाची प्रत तिनं पहिल्याच दिवशी जपून ठेवली होती. दुरुस्तीसाठी नाही. त्या पानावर दोघांची नावं होती म्हणून, उशाशी ठेवावं तशी. ती प्रत तिनं टीचरांपुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. स्वतःचं आधी.

टीचरनी चष्मा काढला. “फोन तू केला नाहीस.”

“नाही, टीचर.”

“प्रेमात होतीस?”

“...आहे.”

टीचरनी चष्मा परत घातला. जात्याचा आवाज त्या दिवशी अगदी हळू फिरला. “मग दुरुस्ती तूच लिही. माझ्या हातची कोरडी होईल. आणि पानाच्या खाली नको, वर लिही.”

शिम्ना दुपारभर बसली. आयुष्यात तिनं प्रेमपत्र लिहिलं नव्हतं, पण लिहिलं असतं तर इतकंच खोडलं असतं. शेवटी पाच ओळी उरल्या. चित्रण कधीचं, बाई काय करत होती, तिचं नाव, तिच्याकडे मागितलेली माफी. आणि पाचवी ओळ. त्या ओळीपाशी तिनं जिष्णूला फोन केला. आता फोन करायला ती शिकली होती.

“दुरुस्ती चढवतेय. तुझ्याकडे बोट आहे, म्हणून विचारतेय. तुला काही म्हणायचंय?”

पलीकडे शहराची रहदारी होती. मग तो म्हणाला, “पाच मिनिटं थांबशील?”

ती दहा मिनिटं थांबली. त्याचा फोन आला नाही. तिनं बटण दाबलं.

*

कोचीवाल्यांनी दोन ओळींचं पत्र पाठवून जिष्णूला नाही म्हटलं. बातमी लाखांनी वाचली होती, दुरुस्ती शेकड्यांनीही नाही. शाळेनं दुसरी स्वयंपाकीण ठेवली होती. ती म्हणे गरजू होती, तिला कसं काढायचं? कार्त्यायनी चेची आता एका लग्नाच्या स्वयंपाक्याकडे भांडी घासायला जाते. शिम्ना भेटायला गेली तेव्हा चेचीनं तिला तांदळाची कांजी वाढली, वर हिरव्या मुगाची उसळ. दुरुस्ती मोबाइलवर वाचून दाखवली, तर चेची म्हणाली, “छान लिहितेस गं. पण मोळे, गावातले लोक वाचत कुठं बसतात? ते बघतात.” आणि आणखी एक डाव कांजी वाढली. शिम्नाला ती गिळवेना, आणि टाकवेना.

जाण्याआधी जिष्णू एकदाच आला. मामानं त्याला आखातात एका गोदामात काम बघितलं होतं. जंकारवर, त्याच कठड्याशी दोघं उभे राहिले. ऊन होतं. पाऊस नव्हता.

“त्या दिवशी फोन ठेवून मी काय करत होतो ठाऊक आहे?” तो म्हणाला. “तुला सांगायला वाक्य जुळवत होतो. दहा वेळा लिहिलं, दहा वेळा पुसलं. ‘चूक माझी, शिम्नाचं नाव काढा.’ एवढंच होतं. पाठवायचं धाडस झालं नाही... कोची मनातून जाईना.”

“पाठवलं असतंस तरी मी नाव काढलं नसतं.”

“ठाऊक आहे. म्हणून तर...” त्यानं वाक्य अर्धंच सोडलं. “फोन न करता सही केलीस, ते माझ्यावरच्या प्रेमानं. खरं ना?”

“हो.”

“आणि दुरुस्ती?”

तिनं बरंच पाणी जाऊ दिलं.

“तीही,” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. डोळे पुसले नाहीत, वाऱ्यावर सोडले. धक्का लागला. तो उतरला. ती परतीच्या फेरीसाठी वरच थांबली. चालियमच्या बाजूला कोळी जाळी शिवत बसले होते.

विषू आली. दारच्या बहाव्याला बहर होता. अम्मानं पहाटे शिम्नाचे डोळे झाकून तिला दिव्यापुढं नेलं. आरशात फुलं दिसली, फुलांत तिचाच चेहरा. ती फार वेळ बघू शकली नाही.

त्या सकाळी जंकारवर तिनं मोबाइलवर त्याचं नाव शोधलं. कुठं असेल, कसा असेल, काही लिहीत असेल का... काही सापडलं नाही. एकच पान वर आलं. त्याचं नाव कुणीही, कुठूनही शोधलं तरी हेच पान येणार आणि तिचं शोधलं तरी हेच. दुरुस्तीची पाचवी ओळ तिनं स्वतः लिहिली होती. लिहिताना तिला एवढंच वाटलं होतं, की चुकीत दोघांच्या मधे रेघ कशाला?

‘ही चूक जिष्णू आणि शिम्ना या दोघांची आहे.’